ओली अक्षरं

१

कुणी देवाला फूल वाहतं, कुणी तुळस वाहतं. आमचे सीताराम बुवा देवाला अक्षरं वाहायचे.

झरीच्या पुढं आमची वाडी. वाडीत विठ्ठलाचं देऊळ, देवळामागं दगडी बारव, आणि देवळाच्या ओसरीत भिंतीला ठोकलेली काळी पाटी. पाटीला पाच खुंट्या. रोज पहाटे काकडा सुरू व्हायच्या आत बुवा त्या खुंट्यांवर पाच अक्षरं टांगत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या तळहाताएवढ्या फळ्या, त्यांवर त्यांनी स्वतः कोरलेली अक्षरं. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. नुसती उघडी अक्षरं, आणि तीही उलटसुलट केलेली. दिवसभर वाडीनं शब्द शोधायचा. खुरपायला चाललेल्या बाया पाटीशी थांबायच्या, दूध घालायला निघालेला माणूस कॅन खाली ठेवून डोकं खाजवायचा. संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले की बुवा वीणा छातीशी धरून विचारायचे, "लागला का शब्द?" कुणी उत्तर द्यायचं, आणि मग त्या एका शब्दाचं निरूपण असं रंगायचं, की मी वीस वर्षं टाळ धरून मागं उभा आहे, पण एकदाही पाय दुखल्याचं आठवत नाही.

अक्षर म्हणजे देव, त्याला आंघोळ घातल्याशिवाय टांगायचं नाही, हा बुवांचा नेम. पाच फळ्या परडीत घ्यायच्या, बारवेच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात बुडवून आणायच्या. अलीकडं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून आम्ही टाळ-मृदंगाच्या साथीतल्या सात जणांनी वार वाटून घेतले होते. ज्याचा वार, त्यानं पहाटे बुवांचा हात धरून त्यांना बारवेत न्यायचं आणि वर आणायचं.

त्या गुरुवारी एकादशी होती. आदल्या रात्री भजन लांबलं होतं, म्हणून काकड्याला बुवा आणि ज्याचा वार तो, एवढेच येणार होते. ऊन कोवळं असताना उमाजी धनगर मेंढरांना पाणी पाजायला बारवेवर आला आणि त्याची हाक साऱ्या वाडीनं ऐकली. आम्ही धावलो. उमाजी छातीपर्यंत भिजला होता. त्यानं बुवांना पाण्यातून काढून पायरीवर ठेवलं होतं. बुवांच्या कपाळाला खोक होती. शेवटच्या पायरीवर उमाजीची काठी पडली होती, फांद्या वाकवायची लोखंडी आकडी लावलेली.

पोलीस आले, पाय घसरून मृत्यू असं लिहून गेले. वाडीनं ते मानलं नाही, कारण तोवर वाडीनं पाटी वाचली होती.

र, क, अ, प, र.

रामप्रसाद मृदंगी पाटीसमोर उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "अपकार."

२

शुक्रवारी पहाटे कुणी काकड्याला जाणार नव्हतं. सुतक मानून देऊळ गप्प होतं. तरी सवयीनं मी गेलो, आणि ओसरीच्या पायरीवरच थबकलो.

पाटीवर नवी अक्षरं होती. स, व, प, ग, ट.

अक्षरं ओली होती. फळ्यांच्या खालच्या कडेवरून थेंब जमिनीवर पडत होते.

माझ्या मागून किशनराव आले. किशनराव म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष, सरळ माणूस, पण एकदा बोलला की शब्द मागं न घेणारा. त्यांनी पाटी पाहिली, थेंब पाहिले, बारवेकडं पाहिलं. मग रामप्रसाद आला. बुवांनंतर शब्द लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं तीन अक्षरं बोटानं दाखवली. "सावट," तो म्हणाला. उरलेल्या दोन अक्षरांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून बारवेवर कुणी जाईना. बाया अर्धा मैल चालून हापशावरून पाणी आणू लागल्या. बारवेतली मोटारही कुणी चालू करेना. कुणाला तिथं परडी आपटल्याचा आवाज आला, कुणाला बुक्क्याचा वास आला. मीही ऐकलं असं मला वाटलं. माझ्यासारख्या देवभोळ्याला न ऐकू यायला काय झालं?

शनिवारी पाटीवर होतं: ज, र, उ, म, ल. तीही ओली.

"उमाजी," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"उमाजी," रामप्रसाद म्हणाला, "आणि पुढं मारलं. उमाजीनं मारलं."

म एकच होता. पण भ्यालेल्या माणसाला एक म दोनदा पुरतो. मीही तसंच वाचलं, हे इथं लिहून ठेवतो.

रविवारी आलं त, क, श, न, द. रामप्रसादनं लावलं, "शोक नांदत." सोमवारी आलं ब, ध, ह, ए, य. हे मात्र त्याच्याआधी माझ्याच तोंडून निघालं, "ए, बाधा हाय."

किशनराव ओसरीवर उभे राहिले. "उमाजी, ऐक," ते म्हणाले. "पोलिसाचं पोलिसापाशी. आमाला बुवांनी सांगितलंय. उद्या काकड्याच्या वक्ताला मेंढरं घेऊन शिव ओलांडायची. तू, तुजी बायकू, सगळं बिऱ्हाड. पुन्हा ह्या वाडीच्या रानात खताला मेंढरं बसवायची न्हाईत."

 उमाजी गर्दीतून बायकोकडं बघत होता. भिवराबाई खराटा हातात धरून देवळाच्या कोपऱ्यात उभी होती. रोज पहाटे देऊळ झाडायचं काम तिचं, पंधरा वर्षांपासूनचं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

३

मी घरी आलो आणि पूर्णेला फोन लावला.

तिथं सिद्धोधन राहतो, बुवांचा आणि माझा जुना स्नेही, रेल्वेच्या टपाल खात्यात सॉर्टर होता. चाळीस वर्षं धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून त्यानं पत्रं खणांत टाकली. पुसलेले पत्ते, अर्धे पत्ते, नुसतंच 'मामाला मिळे' लिहिलेले पत्ते. तो बुद्धाला मानणारा, देवळात हात जोडत नाही. पण बुवांच्या कीर्तनाला पाय दुमडून दोन-दोन तास बसायचा. आणि त्या दोघांची पोस्टकार्डं चालायची. बुवा पाच अक्षरं पाठवायचे, हा शब्द लावून अर्थासकट परत पाठवायचा.

दुपारी तो परभणीमार्गे बसनं झरीला उतरला. मोटारसायकलवरून वाडीला येईपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. पाचही दिवसांची अक्षरं मी वहीत उतरवली होती. तो मागं बसून वही वाचत होता.

"लिंबाजी," तो म्हणाला, "बुवांनी मला आजवर दोनशेच्या वर कार्डं पाठवली. एकदाबी अक्षर शिल्लक राहिलं न्हाई. पाचच्या पाच लागायची."

"मग?"

"अपकारात एक र उरतो. त्याचं काय केलं तुमी?"

आम्ही काहीच केलं नव्हतं.

किशनरावांनी त्याला चहा दिला, मान दिला, आणि स्पष्ट सांगितलं, "सिद्धोधनराव, पाटी खोटं बोलत न्हाई."

"पाटी बोलतच न्हाई, अण्णा. आपण बोलतो."

"मग वली अक्षरं कोण लावायलंय? बारवेत दुसरं कोण हाय?"

"तेच बघायला आलोय. रविवारच्या पाटीत क, श, न व्हते. त्यात कुणी किशन वाचलं का?"

किशनरावांनी कपबशी खाली ठेवली. "थट्टा करू नका," ते म्हणाले.

"थट्टा न्हाई. उमाजीचं नाव सापडलं, कारण उमाजीला शोधत व्हते. बुवा त्याच्यावर चिडले व्हते म्हणं, कशापायी?"

"मेंढरं बारवेत घालतो म्हणून. बुधवारीच सगळ्यांसमोर झापलं व्हतं."

उमाजी मेंढरांच्या वाघरीपाशी बसला होता. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. ती तो आधीच गुंडाळत होता. "रोजच रागवायचे बुवा," तो म्हणाला, "आन् रोजच पाणी पाजू द्यायचे. रागवल्याशिवाय त्यांला गमत नसंल."

"काठी बारवेत कशी गेली?"

"ते मला बी कोडं हाय. बुधवारी भजनाला गेलतो, काठी ओसरीला टेकवली अन् इसरून घरी आलो. सकाळी बुवांला काढायला उतरलो तवा ती पायरीवर आधीच व्हती. आकडी पाण्याकडं करून." त्यानं जाळीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "काठीचं सोडा, भाऊ. शनवारपास्नं बायकू बोलंना. भाकर करती, पुढ्यात ठिवती, तोंड फिरवती. गावानं म्हणावं, मी सोशीन. तीस वर्सं झाली तिला माज्यासंगं."

"तिला इचारलंस?"

"काय इचारू? म्या मारलं का असं तूच समजतीस का, असं?"

आम्ही तिथून उठलो. 

परत येताना रामप्रसाद भेटला. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. बुवांचा लाडका शिष्य तो, झिजला तर नवल नव्हतं. सिद्धोधननं सहज विचारलं, "गुरुवारी तुमचा वार व्हता ना?"

"व्हता. काकड्याच्या आधीच आलो मी. बुवा न्हवते. पाटीवर पाचही अक्षरं लावून झाली व्हती, मी वाचली. म्हटलं बुवा दुसऱ्या कुणाचा हात धरून जाऊन आले असतील, आता घरी गेले असतील. मी माघारी फिरलो."

"पाचही?"

"पाचही. अ सुदिक."

सिद्धोधननं मान हलवली आणि पुढं चालू लागला. देवळापाशी आल्यावर म्हणाला, "मला ती अक्षरांची पेटी दाखव."

४

पेटी ओसरीतल्या कोनाड्यात होती, बिनकुलपाची. बुवांच्या मागं तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे आम्ही तसं समजत होतो. झाकण उघडलं तर आत लाकडी पट्ट्यांची छोटी छोटी घरं, प्रत्येक घरात एका अक्षराच्या फळ्या. घरं मुळाक्षरांच्या क्रमानं नव्हती. अ मानाचा म्हणून पहिल्या ओळीत एकटा, बाकीची बुवांच्या हाताच्या सवयीनं मांडलेली, ओळीला पाच.

सिद्धोधन चष्मा पुसून पेटीवर वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं माझी वही मागितली.

"वाच," तो म्हणाला. "शुक्रवार."

"स, व, प, ग, ट."

त्यानं पेटीतल्या दुसऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. स, व, प, ग, ट.

"शनिवार."

"ज, र, उ, म, ल." तिसरी ओळ. ज, र, उ, म, ल.

 रविवारची पाटी चौथी ओळ होती. सोमवारची पाचवी.

"आमच्या डब्यात," सिद्धोधन म्हणाला, "नवा माणूस लागला की कळायचं. जुना माणूस पत्ता वाचून खणात हात घालतो. नवा खण मोजत जातो. ही अक्षरं कुणी निवडलेली न्हाईत, लिंबाजी. एका घरातून एक, मग पुढच्या घरातून एक. कुणाची पाळी चुकू नये असं. ज्याला वाचता येतं, त्याला असं जमणारच न्हाई. डोळा शब्दाकडं ओढतो. हे लावणाऱ्याला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक न्हाई."

"मग भूत..."

"बुवांच्या भुताला वाचता येत असणार की."

झाकणाच्या आतल्या बाजूला बुवांनी कोणत्या अक्षराच्या किती फळ्या ते कोरून ठेवलं होतं. आम्ही बसून मोजलं. पाटीवरची पाच धरून सगळा हिशोब जुळला. एक सोडून. प तीन हवे होते, दोनच निघाले.

त्यानं वहीत गुरुवारची अक्षरं लिहिली: र, क, अ, प, र. मग अ वर काट मारली आणि त्याच्या जागी एक प लिहिला.

र, क, प, प, र.

"लाव आता," तो म्हणाला. "एकबी न उरता."

मला वेळ लागला नाही. बुवांच्या पोथीत एकादशीच्या निरूपणाचा विषयही तोच असावा. परोपकार.

मी तिथंच ओसरीवर बसलो. चार दिवस आम्ही ज्या पाटीत अपकार वाचत होतो, तिच्यावर बुवांनी परोपकार टांगला होता. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"रडून झालं की सांग," सिद्धोधन मायेनं म्हणाला. "अजून दोन गोष्टी राहिल्यात. तो प कुठं गेला, आणि त्याच्या जागी अ कुणी टांगला."

५

पहाटे सगळ्यांच्या आधी ओसरीत येणारं आणि अक्षर न ओळखणारं माणूस वाडीत एकच होतं. भिवराबाई गोठ्याच्या आडोशाला शेण थापत होती. सिद्धोधन थोडा लांब, खाली मातीतच बसला. मी बाजूला उभा राहिलो.

"माय," तो म्हणाला, "पाटी किती दिस टांगायलीस?"

तिचा हात शेणात थांबला. 

"मला कुणी असं इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "समदे म्हणले, कुणी दिसलं का. मला कुणी दिसलं न्हवतं, तर न्हाई म्हणले."

"खरंच की. खोटं कुठं बोललीस?"

मग ती बोलत गेली, हळूहळू, शेणाच्या गोवरीकडं बघत. बुवांनी तिला एकदा सांगितलं होतं, भिवरा, पाटीची खुंटी रिकामी राहू नये, ज्या दिवशी राहील त्या दिवशी देव उपाशी. गुरुवारी ती झाडायला आली तोवर उजाडलं होतं, बुवा नव्हते. चार फळ्या टांगलेल्या, पाचवी खुंटी रिकामी. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दिसलं नसेल. पेटी उघडली, पहिल्या घरातली पहिली फळी घेतली, रांजणातल्या पाण्यात बुडवली आणि टांगली. अर्ध्या घटकेनं उमाजीची हाक आली.

"दुसऱ्या दिशी म्हणलं, बुवा गेले म्हून देव का उपाशी ऱ्हावा? पाणी घालायचं, टांगायचं, सांजचं उतरून जिथलं तिथं ठिवायचं. आकार बघून ठिवते म्या. आपलं मेंढरू आपल्या कळपात. मला त्यातलं काय कळतंय, दादा? देवाला कळत आसंल म्हणलं."

"आणि शनवारी?"

तिनं पदराचं टोक दातांत धरलं. "शनवारी समदे म्हणले, उमाजीचं नाव आलं. माज्याच हातानं आलं की ते. मला वाचता येत न्हाई, म्हंजी म्या न्हाई लिवलं. मंग कुणी लिवलं? देवानंच माजा हात धरून लिवलं आसंल." ती थांबली. "तवापास्नं त्याच्या तोंडाकडं बघवंना. हात आवरावा तर नेम मोडतो, न आवरावा तर नवरा जातोय. तरी टांगलं. रईवारी टांगलं, आज टांगलं. रोज म्हणते, आज दुसरं कुणाचं नाव येऊ दे."

भूत बघितलेली माणसं मी पाहिली आहेत. पण स्वतःच्याच हातात भूत धरून वावरणारी बाई मी त्या दिवशी पाहिली.

मी म्हणालो, "चल, आत्ताच किशनअण्णाला सांगू."

"तिनं सांगून गाव मानंल का?" सिद्धोधन म्हणाला. "नवऱ्याला वाचवायला बोलायलीय म्हणतील." मग तो तिच्याकडं वळला. "माय, उद्या पहाटं टांगतीस तसंच टांग. पुढच्या पाच घरांतलं. भिऊ नको. उद्या कुणाचंच नाव येणार न्हाई."

त्यानं एका कागदावर काहीतरी लिहिलं, पाकिटात घातलं, डिंकानं बंद केलं आणि किशनरावांना नेऊन दिलं. "अण्णा, उद्या पाटी बघितल्यावरच फोडा," तो म्हणाला. "आणि तोवर शिव ओलांडायचं राहू द्या."

६

मंगळवारी पहाट उजळत असताना सगळी वाडी ओसरीसमोर होती. बाहेर उमाजीची घोडी बिऱ्हाड लादून उभी. मेंढरं चुळबुळत होती.

पाटीवर पाच ओली अक्षरं: थ, ख, ओ, च, ड.

रामप्रसाद पुढं आला. ओठ हलले, पण शब्द लागेना. लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"फोडा अण्णा," सिद्धोधन म्हणाला.

किशनरावांनी पाकीट फोडलं. कागद वाचला, पाटीकडं पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग तो कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला. थ, ख, ओ, च, ड.



सिद्धोधननं पेटी आणवली, पाचही ओळी दाखवल्या. लोक वाकून वाकून पाहू लागले, बोटानं जुळवू लागले. तो पुढं काही बोलायच्या आत भिवराबाई गर्दीतून बाहेर आली आणि म्हणाली, "टांगणारी मी हाय." तिनं सगळं सांगितलं, काल सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. गुरुवारच्या रिकाम्या खुंटीचंही सांगितलं.

"पण मग बुवांचं काय झालं?" किशनराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

"बुवांनी पाच फळ्या परडीत घेतल्या," सिद्धोधन म्हणाला. "एकटेच बारवेत उतरले. बुडवताना एक फळी परडीतून सुटली. हलकं लाकूड, तरंगत गेली. डोळ्याला दिसली न्हाई. वर येऊन चार टांगल्या, पाचवीला हात घातला तर परडी मोकळी. मग वसरीला टेकलेली उमाजीची काठी घेतली, का तर तिला आकडी हाय, आणि पुन्हा खाली उतरले. पाण्यावरचं अक्षर आकडीनं ओढायला वाकले. शेवाळावरून पाय गेला. काठी पायरीवर राहिली, आकडी पाण्याकडं करून."

"हे तुमी सांगता. पुरावा?"

"पुरावा बारवेतच असणार. पाच दिसांत तिथं कुणी उतरलंय का? मोटार कुणी चालू केलीय का? आपल्याच भीतीनं तो जपून ठेवलाय. तुमीच उतरा, अण्णा. तुमच्याच हाताला लागला तर गाव मानंल."

 किशनरावांनी चपला काढल्या आणि ते एक-एक पायरी उतरू लागले. आम्ही बारवेच्या काठाला गोळा झालो. खालचं पाणी हिरवं, स्थिर होतं. ते शेवटच्या पायरीवर बसले, वाकले, पाण्यावरून नजर फिरवली. मोटारीच्या पाइपामागं शेवाळाचा पुंजका साचला होता. त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला, काही वेळ चाचपलं, आणि हात वर काढला.

हातात लाकडाची फळी होती. त्यांनी अंगठ्यानं शेवाळ पुसलं आणि वर आमच्याकडं पाहिलं.

"प," ते म्हणाले.

माणसं हुंदके देऊ लागली. कुणीतरी बुवांच्या नावानं हात जोडले. सिद्धोधन मात्र रामप्रसादकडं वळला होता.

"रामप्रसाद, काकड्याच्या आधी आलतो म्हणलास. पाटीवर पाच अक्षरं बघितली, अ सुदिक. पण काकड्याच्या आधी चारच व्हती. अ तर भिवरामायनं उजाडल्यावर, उमाजीच्या हाकेआधी थोडा वेळ टांगला."

रामप्रसाद बारवेच्या कठड्यावर खाली बसला. त्यानं उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. ते पाच दिवस ओठांवरच असावं.

"बुधवारी सेलूला गेलतो," तो म्हणाला. "मोठ्या महाराजांचं कीर्तन व्हतं. त्यांचा पखवाजी आला न्हाई, मला बसवलं. हजारांची गर्दी. रातीच्या दीडला घरी आलो, डोळा लागला. जाग आली तर उजाडलं व्हतं. पळत आलो. पाटी लागलेली बघितली अन् मनात म्हणलं, सुटलो. माघारी घराकडं निघालो, अर्ध्या वाटेत हाक ऐकली." तो तळहातांकडं बघत होता. "माझा वार व्हता. माझ्या हातात त्यांचा हात असायला पायजे व्हता. पाटीवर अपकार दिसला तवा वाटलं, मलाच म्हणायलेत. मंग रोज वाचत गेलो. रोज वाटायचं, ह्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव सापडू दे. शनवारी सापडलं."

त्याला कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. त्याच्याकडं बघताना मला वाटत होतं, त्यानं शनिवारी नाव घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी ते उचललं. किशनराव ओल्या धोतरानं वर आले. ते उमाजीसमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "उमाजी, चुकलं आमचं. घोडी सोड. आधी माज्या रानात मेंढरं बसव, मंग बाकीच्यांच्या."

उमाजीनं मान हलवली. तो किशनरावांकडं नीट बघतही नव्हता. गर्दी पांगेपर्यंत तो घोडीच्या लगामाशी उभा राहिला. मग भिवराबाई त्याच्याजवळ आली. दोघांत दोन हातांचं अंतर होतं. मी पाय काढता घ्यायला हवा होता, घेतला नाही.

"तुला बी वाटलं?" उमाजीनं विचारलं.

 सबब सांगायला सोपी जागा होती. सगळं गाव फसलं होतं, त्यात तीही एक.

"वाटलं," ती म्हणाली. "तीन दिस वाटलं."

उमाजी मेंढरांकडं बघत राहिला. एक कोकरू कळप सोडून ओसरीच्या पायरीवर चढलं होतं. तो गेला, त्याला उचललं, आणि परत येऊन तिच्या हातात दिलं.

"धर ह्येला," तो म्हणाला. "म्या बिऱ्हाड उतरवतो."

तिनं कोकरू छातीशी धरलं. तो घोडीच्या पाठीवरची दोरी सोडू लागला. पहिली गाठ सुटेना तेव्हा ती पुढं झाली, कोकरू एका काखेत धरून दुसऱ्या हातानं दोरीचं दुसरं टोक ओढू लागली. दोघंही एकमेकांकडं न बघता ती गाठ सोडवत राहिले, आणि ती सुटायला फार वेळ लागला.